वरंगळचा किल्ला

तेलंगण राज्यातील काकतीय राजघराण्याच्या राजधानीचा तटबंद अवशेष. हैदराबादच्या ईशान्येस सुमारे १४५ किमी. अंतरावर असलेल्या या नगराचे जुने नाव ओरुगल्लु. गणपतिदेवाने (कार. ११९९–१२६२) हनमकोंड्याहून राजधानी येथे आणली आणि ग्रॅनाइटचा वर्तुळाकार तट उभारला, त्याची कन्या रुद्रमादेवी हिने त्याची उंची वाढवून बाहेर मातीचा तट व खंदक यांची भर घातली, अशी परंपरा आहे. देवगिरीच्या यादवांशी चाललेला जुना संघर्ष पाहता ही खबरदारी अनाठायी नव्हती. दगडी तटाच्या दरवाजांतून आत शिरणाऱ्यास काटकोनात वळावे लागे, त्यामुळे हत्तींची थेट धडक बसत नसे.

मातीचा तट दुबळा असतो, ही समजूत येथे फोल ठरते. दिल्लीच्या सुलतानाचा सेनापती मलिक काफूर याने १३१० च्या प्रारंभी घातलेल्या वेढ्याचे वर्णन करताना दरबारी कवी अमीर खुसरौ लिहितो, की हा तट इतका कठीण होता की त्यात भाला शिरत नसे आणि मंजनिकांनी, म्हणजे दगडफेकी यंत्रांनी, फेकलेले धोंडे त्यावरून उलटत. खुसरौची अतिशयोक्ती वजा केली, तरी चोपलेली माती आघात पचवते, हे खरेच. हा तट अखेर दिल्लीच्या सैन्याच्या हाती पडला, खंदक बुजवण्याचे काम सुरू झाले आणि काकतीय राजा दुसऱ्या प्रतापरुद्राने हत्ती, घोडे व द्रव्य देऊन तह केला. राज्य मात्र राखले.

खंडणी थकल्यावर दिल्लीचा सुलतान गियासुद्दीन तुघलकाने पुत्र उलुघखान (पुढे मुहम्मद तुघलक) यास पाठविले. दिल्लीची डाक बंद पडली, सुलतान वारल्याची आवई छावणीत उठली आणि वेढा मोडून त्याला देवगिरीपर्यंत माघार घ्यावी लागली. संकट टळले असे समजून काकतीयांनी धान्याच्या साठ्याकडे दुर्लक्ष केले, असे काही इतिहासकार मानतात. काही महिन्यांतच तो ताज्या फौजेनिशी परतला आणि १३२३ मध्ये नगर शरण आले. कैदी प्रतापरुद्र दिल्लीच्या वाटेवर नर्मदाकाठी मरण पावला; त्याने आत्महत्या केली, असे एका नंतरच्या ताम्रपटातील उल्लेखावरून दिसते.

नगराचे नाव सुलतानपूर झाले. मध्यभागीचे स्वयंभू शिवमंदिर पाडण्यात आले, पण त्याच्या चार दिशांची कोरीव तोरणे उभी ठेवली गेली; जवळच कललेल्या भिंतींचा, तुघलक शैलीतील खुश महाल हा दरबारी दिवाणखाना आहे. दिल्लीचा अंमल फार टिकला नाही: १३३६ च्या सुमारास तेलुगू सरदार मुसुनुरी कापय नायकाने नगर परत घेतले.