नौकेची सिद्धता : सागरी इतिहासाचे एक उपेक्षित अंग
('सुहैली' व 'म्हादेई' या नौकांच्या संदर्भात)

प्रस्तावना :

सागरी प्रवासाचा इतिहास बहुधा नांगर उचलल्या क्षणापासून लिहिला जातो. कोणता दर्यावर्दी कोणत्या दिवशी निघाला आणि किती दिवसांनी परतला, याची नोंद होते. परंतु त्यापूर्वी नौका कोणी बांधली, पाणी व शिधा कसा साठवला, तिची परीक्षा कोठे झाली, याकडे फारसे लक्ष जात नाही. वास्तविक अशा प्रवासाचे यशापयश बऱ्याच अंशी किनाऱ्यावरच ठरत असते. प्रस्तुत लेखात मुंबई व गोवा येथे बांधल्या गेलेल्या दोन शिडाच्या नौकांच्या आधारे हा मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मुंबईची 'सुहैली' :

इंग्रज व्यापारी नौदलातील अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६० च्या दशकात मुंबईत ३२ फूट लांबीची सागवानी नौका बांधवून घेतली. आराखडा १९२० च्या दशकातला, म्हणजे त्या काळीही जुनाट ठरावा असा होता. येथील सुतारांनी वाकस व हातगिरमिट यांसारख्या परंपरागत हत्यारांनी तो साकार केला. अरबी खलाशांच्या बोलीतील एका वाऱ्याचे 'सुहैली' हे नाव तिला मिळाले. १४ जून १९६८ रोजी ही नौका इंग्लंडमधील फॅल्मथ बंदरातून 'गोल्डन ग्लोब' शर्यतीसाठी निघाली. कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करावयाची होती.

प्रवासात तिच्या तळाजवळच्या सांध्यातून पाणी शिरू लागले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी पाण्यात बुड्या मारून सांध्यात कापूस ठासला आणि त्यावर कॅनव्हासची पट्टी खिळ्यांनी बसवली. दक्षिण महासागरात नौका आडवी झाली आणि टाक्यांतील गोडे पाणी दूषित झाले, तेव्हा त्यांनी पावसाचे पाणी धरले. आपोआप दिशा राखणारे सुकाणू-यंत्रही पुढे निकामी झाले. तथापि शिडांचा तोल साधला की ही नौका पुष्कळ वेळ स्वतःच मार्ग धरून चालत असे. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ती फॅल्मथला परतली. शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी प्रवास पूर्ण करणारे ते एकटेच होत.

घाईची किंमत :

याच शर्यतीतील डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची कथा नेमकी उलट आहे. त्यांची 'टिनमथ इलेक्ट्रॉन' ही नवी, वेगवान, तीन सांगाड्यांची नौका होती. पण बांधणी उशिरा सुरू झाली आणि निघण्याची अखेरची तारीख ३१ ऑक्टोबर १९६८ ही ठरलेली होती. कर्जाच्या व कराराच्या ओझ्याखाली ते त्याच दिवशी निघाले. अनेक कामे अपुरी होती, काही सामान धक्क्यावरच राहिले होते. अल्पावधीतच सांगाड्यांत पाणी शिरू लागले. पुढे जाणे धोक्याचे आणि परतणे म्हणजे आर्थिक सर्वनाश, अशा कोंडीत त्यांनी खोटी स्थाने कळवण्यास आरंभ केला. १० जुलै १९६९ रोजी त्यांची नौका अटलांटिकमध्ये निर्मनुष्य आढळली. या शोकांतिकेचा विचार बहुधा मानसिक अंगाने होतो. तिचे मूळ अपुऱ्या सिद्धतेत होते, हे विसरता कामा नये.

गोव्याची 'म्हादेई' :

भारतीय नौदलाच्या 'सागर परिक्रमा' या उपक्रमाची कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. त्यासाठी निवडले गेलेले कमांडर दिलीप दोंदे यांनी प्रथम इंग्लंडमध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांच्याच नौकेच्या तयारीत हातभार लावून हे शास्त्र आत्मसात केले. त्यानंतर मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी 'म्हादेई' आकारास आली. मांडवीच्या वरच्या प्रवाहाचेच नाव तिला देण्यात आले. १२ फेब्रुवारी २००९ रोजी ती नौदलात दाखल झाली. तरीही लगेच परिक्रमा आरंभिली नाही. आधी मॉरिशसपर्यंत जाऊन नौका व नाविक या दोहोंची परीक्षा घेण्यात आली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये विनाथांबा प्रदक्षिणा केली.

पुढे 'सुहैली'च्याच धर्तीवर गोव्यात 'थुरिया' बांधली गेली आणि २०१८ च्या स्मरणार्थ शर्यतीत टॉमी तिच्यातून निघाले. हिंदी महासागरातील वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीस गंभीर दुखापत झाली व त्यांची सुटका करावी लागली. म्हणजे उत्तम सिद्धता ही यशाची हमी नव्हे. समुद्र आपला हक्क राखूनच असतो. सिद्धतेने संकट टळत नाही, संकटाला तोंड देण्याची संधी मात्र मिळते.

समारोप :

या उदाहरणांवरून दिसते की, नौकेची सिद्धता हा प्रवासाचाच पहिला टप्पा होय. तो सुतार, शिडे शिवणारे व कारखान्यातील कामगार यांच्या हातून पार पडतो. विक्रमांच्या यादीत मात्र एकट्या नाविकाचे नाव येते. 'एकट्याने केलेला प्रवास' हा शब्दप्रयोग इतिहासकाराने म्हणूनच जपून वापरावा. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर नौका बांधणारे हात अद्याप आहेत. किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्यांच्या मुलाखती, हत्यारे व मोजमापाच्या पद्धती वेळीच नोंदवून ठेवल्या, तर आपला सागरी इतिहास धक्क्यावरून, म्हणजे त्याच्या खऱ्या आरंभापासून, लिहिता येईल.