पहिल्या वर्षाचा निबंध

मद्रासचे विमेन्स ख्रिश्चन कॉलेज १९१५ साली स्थापन झाले व लवकरच नुंगंबाक्कमच्या डव्हटन हाउसमध्ये स्थिरावले. त्या काळी कॉलेजच्या पहिल्या वर्षात उतारा उलगडणे, मत मांडणे, ते सिद्ध करणे, सारे इंग्रजीतच करावे लागे. मग पाठांतराचाच आधार उरे. दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. कलकत्ता विद्यापीठासाठी नेमलेल्या सॅडलर आयोगानेही १९१९ साली बहुतेक शालेय विषय मातृभाषेतून शिकवावेत, असे सुचविले. मराठीत ते सामर्थ्य होतेच. १८७४पासून विष्णुशास्त्री चिपळूणकर ‘निबंधमाले’त ग्रंथ पारखीत होते, प्रतिपक्षाचे मुद्दे घेऊन ते खोडीत होते. विष्णुशास्त्री स्वतः शाळेतले शिक्षक. १८८० साली सहकाऱ्यांसह त्यांनी पुण्यात शाळा काढली, तेव्हाही माला चालूच होती; शाळेचे नाव मात्र ‘न्यू इंग्लिश स्कूल’!