घाट, ईथर आणि तापमापकाचा काटा

बालाघाटातील मांजरसुंब्याचा वा धारूरचा घाट चढताना जुनी मोटार का उकळते? इंजिन जोराने राबते, पण गती मंद असल्याने रेडिएटरला वारा पुरत नाही. त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार नळ्यांत साचलेले असले, तर पाहायलाच नको.

पाणी उकळण्याआधी चालकाला ते कळावे कसे? १९१० च्या दशकात अमेरिकेत बॉइस यांचा ‘मोटोमीटर’ आला. तो रेडिएटरच्या झाकणावर बसे व चालकाला काचेतून वाचावा लागे. पुढे तापमापक डॅशबोर्डवर आला, तो यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये पॅरिसात दाब मोजण्यासाठी काढलेल्या वक्र नळीच्या बळावर.

दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपमध्ये हीच रचना होती: सिलिंडर हेडमध्ये ईथरसारख्या बाष्पशील द्रवाचा बल्ब, तेथून बारीक केशनळी, टोकाशी बूर्दाँची नळी आणि काटा. वीज लागतच नाही.

अशी जीप पूर्ववत करताना घात होतो तो येथेच. गंजलेल्या नटाबरोबर बल्ब फिरतो, केशनळी पिळवटून तुटते, द्रव उडून जातो. ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळते; बीडचा मे त्याहून तप्त! म्हणून जाणते कारागीर दुसऱ्या तापमापकाचा बल्ब बर्फ-मिठात गाडूनच त्याची नळी कापतात आणि जुन्या तबकडीच्या नळीला डाख देतात. विजेचा काटा बसवणे सोपे खरे, पण मग जुनी राहते ती केवळ तबकडी.

शेवटी बल्ब उकळत्या पाण्यात धरावा. बीड समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच. काटा २१२ फॅरनहाइटच्या किंचित अलीकडे थांबला, तर तो बरोबर आहे.