कॅथलिक चर्चमधील आदराचार

रोमन कॅथलिक चर्चवास्तूत प्रवेश करताना, उपासनेत भाग घेताना व तेथून बाहेर पडताना पाळावयाच्या वर्तनविषयक नियमांना आणि संकेतांना आदराचार म्हणता येईल. त्यांत मुख्यतः तीन बाबींचा अंतर्भाव होतो : वंदनाच्या शारीरिक मुद्रा, मौन आणि उचित वेशभूषा. यांपैकी काही नियम चर्चच्या धर्मविधिसंहितेत ग्रथित झाले, काही परिषदांच्या ठरावांत आले, तर पुष्कळसे केवळ रूढीने चालत आले. या आचारांमागील श्रद्धा मध्ययुगापासून बऱ्याच अंशी स्थिर राहिली. परंतु ती व्यक्त करणारी चिन्हे त्या त्या समाजाच्या शिष्टाचारातून घेतलेली असल्यामुळे देशकालानुसार पालटत गेली. श्रद्धा आणि चिन्ह यांतील हा भेद केव्हा मान्य झाला व केव्हा विसरला गेला, यावर या आचारांचा इतिहास, विशेषतः भारतातील इतिहास, अवलंबून आहे.

आधार : मिस्सा या उपासनाविधीत अभिमंत्रित केलेल्या भाकरीत व द्राक्षारसात ख्रिस्त प्रत्यक्ष उपस्थित असतो, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. विधी संपल्यानंतरही अभिमंत्रित भाकर टॅबर्नॅकल नावाच्या पेटीत जपून ठेवतात व तिच्याजवळ दिवा तेवत ठेवतात. त्यामुळे उपासना चालू नसतानाही चर्चवास्तू रिकामी मानली जात नाही. प्रवेशद्वाराजवळील पवित्र जलात बोटे बुडवून क्रुसाची खूण करणे, टॅबर्नॅकलसमोर उजवा गुडघा जमिनीला टेकविणे व मोठ्याने न बोलणे, हे आचार याच श्रद्धेतून आलेले आहेत. यरुशलेमच्या मंदिरातील विक्रेत्यांना येशूने हाकलून दिल्याचा बायबलमधील प्रसंग या संदर्भात नेहमी आधारादाखल दिला जातो.

प्रारंभीचा काळ : आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्या खाजगी घरांत एकत्र जमत. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय ११) संत पॉलने प्रार्थनेच्या वेळी पुरुषांनी मस्तक उघडे ठेवावे व स्त्रियांनी झाकावे, असे सांगितले. रोमन धर्माचारात यज्ञ करणारा पुरुष डोक्यावरून वस्त्र ओढून घेत असे, हे लक्षात घेता पॉलचा नियम सर्वमान्य रिवाजाचा केवळ पुनरुच्चार नव्हता, हे स्पष्ट होते. तिसऱ्या शतकात सिरियात रचल्या गेलेल्या दिदास्कालिया  या ग्रंथात उपासकांनी कोठे बसावे याचा क्रम दिला असून, कोणी कुजबुजू, झोपू, हसू किंवा खाणाखुणा करू नये यावर देखरेख ठेवण्याचे काम डीकन या सेवकाकडे सोपविले आहे. असा नियम करावा लागला, यावरूनच त्या काळातील उपासकांच्या वर्तनाची कल्पना येते. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जॉन क्रिसोस्टोम याच्या प्रवचनांना श्रोते टाळ्या वाजवून दाद देत व तो त्यांची कानउघाडणी करीत असे. स्त्रीपुरुषांच्या जागा लाकडी आडोशाने विभागाव्या लागतात, याबद्दलही त्याने खेद व्यक्त केला आहे.

गुडघे टेकणे हे आज आदराचे प्रमुख लक्षण समजले जात असले, तरी प्राचीन चर्चमध्ये ते अनुतापाचे चिन्ह होते. इ. स. ३२५ मध्ये भरलेल्या निकीया परिषदेच्या विसाव्या नियमानुसार रविवारी व ईस्टर ते पेंटेकॉस्ट या काळात सर्वांनी उभे राहूनच प्रार्थना करावी, असे ठरले. कारण उभे राहणे हे पुनरुत्थानाचे निदर्शक मानले जाई. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठसंहितेच्या ५२ व्या प्रकरणात प्रार्थनागृहाचा उपयोग अन्य कशासाठीही करू नये आणि सामुदायिक उपासनेनंतर सर्वांनी पूर्ण शांततेत बाहेर पडावे, असा दंडक घातला. मागे राहून एकांतात प्रार्थना करू इच्छिणाऱ्यास व्यत्यय येऊ नये, हे त्याचे कारण होय. मौनाचा असा विचार करणारी ही पाश्चात्त्य परंपरेतील एक महत्त्वाची नोंद आहे. कारण येथे मौन हे ईश्वराविषयीच्या आदराबरोबरच शेजाऱ्याविषयीच्या सौजन्याचेही अंग बनते.

मध्ययुग व ट्रेंट परिषद : मध्ययुगीन यूरोपात चर्च ही गावातील सर्वांत मोठी व भक्कम वास्तू असे. तेथे सभा भरत, सौदे होत, न्यायनिवाडे चालत व संकटकाळी घरगुती सामानही ठेवले जाई. चौथ्या लॅटरन परिषदेने (१२१५) एकीकडे भाकर व द्राक्षारस यांच्या मूलतत्त्वाचे ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात परिवर्तन होते, हा सिद्धांत ग्रथित केला, तर दुसरीकडे अभिमंत्रित भाकर कुलपात ठेवण्याची आज्ञा दिली आणि चर्चमध्ये घरगुती सामान साठविण्यास आळा घातला. याच सुमारास अभिमंत्रित भाकर सर्वांना दिसेल अशी उंच धरण्याचा प्रघात पडला आणि त्या क्षणी गुडघे टेकून ती डोळे भरून पाहणे, हा सामान्य उपासकाच्या भक्तीचा परमोच्च बिंदू ठरला. अनुतापाची मुद्रा ती अशा रीतीने पूजनाची मुद्रा बनली.

दहावा ग्रेगरी या पोपच्या कारकीर्दीत भरलेल्या दुसऱ्या ल्याँ परिषदेने (१२७४) चर्चमधील वर्तनासंबंधी स्वतंत्र नियम केला. चर्चमध्ये नम्रपणे प्रवेश करावा, येशूचे नाव उच्चारले जाताच मस्तक लववावे. तेथे गोंगाट, सभा, बाजार, खटल्यांची सुनावणी व पोकळ गप्पा होऊ नयेत, असे त्यात सांगितले आहे. ट्रेंट परिषदेने १७ सप्टेंबर १५६२ रोजी केलेल्या ठरावात उपासनेच्या वेळी इकडून तिकडे फिरणे, ऐहिक गोष्टी बोलणे, आरडाओरडा व कामुक छटा असलेले संगीत यांचा निषेध करण्यात आला. सुमारे तीनशे वर्षांच्या अंतराने तेच निर्बंध पुन्हा घालावे लागले, यावरून नियम व व्यवहार यांतील अंतर ध्यानात येते. मिलानचा आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ याने १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चर्चबांधणीविषयक ग्रंथात टॅबर्नॅकल मुख्य वेदीवर ठेवण्याची व स्त्रीपुरुषांच्या जागांमध्ये लाकडी आडोसा घालण्याची सूचना केली. वास्तूच्या रचनेतूनच वर्तनाला वळण लावण्याचा हा प्रयत्न होता.

वेशभूषा : १९१७ मध्ये जारी झालेल्या धर्मविधिसंहितेच्या १२६२ व्या कलमाने या बाबतीतील जुने संकेत सार्वत्रिक कायद्याच्या रूपात मांडले. प्राचीन पद्धतीस अनुसरून चर्चमध्ये स्त्रिया पुरुषांपासून वेगळ्या बसाव्यात, हे इष्ट मानण्यात आले. पुरुषांनी, स्थानिक रीत वेगळी नसल्यास, मस्तक उघडे ठेवावे. स्त्रियांनी मस्तक झाकावे व शालीन वेश करावा, विशेषतः ख्रिस्तप्रसाद घेताना, असे त्यात म्हटले होते. १२ जानेवारी १९३० रोजी रोमच्या संबंधित धर्मखात्याने काढलेल्या आदेशानुसार अशालीन वेश केलेल्या स्त्रियांना ख्रिस्तप्रसाद नाकारता येत असे. वेशविषयक निर्बंधांचा मुख्य भार स्त्रियांवर पडला, ही गोष्ट या नियमांवरून उघड होते. १९७६ च्या एका घोषणापत्रात रोमने मस्तक झाकण्याची सक्ती ही तत्कालीन रीतिरिवाजांवर आधारलेली गौण शिस्तीची बाब असून ती आता बंधनकारक नाही, असे स्पष्ट केले. १९८३ च्या नव्या संहितेत तो नियम समाविष्ट करण्यात आला नाही व जुनी संहिता रद्द झाली. १९९२ च्या कॅथलिक धर्मप्रबोधिकेत उपासकाची देहमुद्रा व वेश यांतून त्या क्षणाविषयीचा आदर प्रकट व्हावा, एवढाच सर्वसाधारण निर्देश आहे.

आशियातील अनुभव : मस्तक उघडे ठेवणे हे यूरोपात आदराचे, तर चीनमध्ये अनादराचे लक्षण होते. म्हणून पोप पाचवा पॉल याने १६१५ मध्ये चीनमधील धर्मगुरूंना मिस्सेच्या वेळी शिरोवस्त्र घालण्याची मुभा दिली. पॉलच्या पत्रावर आधारलेल्या नियमालाही स्थानिक सभ्यतेसमोर अपवाद करता येतो, हे यावरून दिसून आले. भारतात मदुराई येथे १६०६ मध्ये आलेला रॉबर्ट दी नोबिली या जेझुइटाने संन्याशाचा वेश स्वीकारला. उच्चवर्णीय नवख्रिस्ती लोकांनी जानवे व शेंडी ठेवावी की नाही, यावर मोठा वाद झाला. पोप पंधरावा ग्रेगरी याने १६२३ मध्ये काही अटींवर त्यांस परवानगी दिली. रोममधील धर्मप्रसार खात्याने १६५९ मध्ये पूर्वेकडील धर्मप्रचारकांना दिलेल्या सूचनांत, श्रद्धा व नीती यांना उघडपणे विरोधी नसलेले रीतिरिवाज बदलण्यास लोकांना भाग पाडू नये व यूरोपीय चालीरीती त्यांच्यावर लादू नयेत, असे बजावले होते.

गोव्यात मात्र याच्या उलट घडले. पोर्तुगीज सत्तेत ख्रिस्ती होणे व पोर्तुगीज रीतीने वागणे यांतील सीमारेषा पुसट झाली. फादर टॉमस स्टीफन्स याने क्रिस्तपुराण  (१६१६) हे काव्य ओवी छंदात व मराठीत रचून स्थानिक भाषेला व पुराणश्रवणाच्या परंपरेला आदराचे स्थान दिले. परंतु ही दृष्टी टिकली नाही. १५६० मध्ये स्थापन झालेल्या धर्मन्यायपीठाने (इन्क्विझिशन) १४ एप्रिल १७३६ च्या फर्मानाने स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या अनेक रीतींवर बंदी घातली. त्यांत विवाहप्रसंगीची गाणी व विड्याची देवघेव यांबरोबर पुरुषांचे धोतर व स्त्रियांची चोळी यांचाही समावेश होता. हे फर्मान केवळ चर्चमधील वेशापुरते नव्हते, तर दैनंदिन जीवनासाठी होते. शालीनतेचा नियम येथे शालीनतेसाठी राहिला नाही. अंगावरील वस्त्रावरून धर्मनिष्ठा मोजण्याचे ते साधन झाले. तरीही स्थानिक रीती पूर्णपणे लोपल्या नाहीत. पांढरे चादरवजा वस्त्र अंगभर लपेटून मिस्सेला जाण्याची गोव्यातील ख्रिस्ती स्त्रियांची पद्धत, वसई भागात लुगड्याच्या पदराने मस्तक झाकण्याची चाल आणि केरळमधील सिरियन ख्रिस्ती स्त्रियांचा चट्टा-मुंडू व वरून घ्यावयाचा पांढरा शेला ही त्याची उदाहरणे होत. यांत चर्चचा नियम व देशी मर्यादेची कल्पना यांचा सहज मेळ बसला होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे उपासकांचा सक्रिय सहभाग हवा व योग्य वेळी आदरयुक्त मौनही पाळले जावे. आणि दुसरी, विविध लोकसमूहांच्या संस्कृतीशी उपासनाविधी जुळवून घेता यावा. पूर्वी मिस्सेतील मुख्य प्रार्थना धर्मगुरू हलक्या आवाजात लॅटिनमध्ये म्हणत असे व उपासक आपापल्या खाजगी प्रार्थनांत मग्न असत. नव्या रचनेत प्रार्थना लोकभाषेत व मोठ्याने म्हटल्या जाऊ लागल्या. मौन हा विधीचाच एक घटक ठरून पश्चात्तापाच्या वेळी, वाचनांनंतर व ख्रिस्तप्रसादानंतर त्याला निश्चित स्थान मिळाले. विधीपूर्वी चर्चमध्ये व धर्मगुरूंच्या वेशकक्षातही शांतता राखावी, अशी सूचना नंतरच्या नियमावलीत आली.

भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने २५ एप्रिल १९६९ रोजी भारतासाठी बारा कलमी सवलत मान्य केली. पादत्राणे बाहेर काढणे, जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी अंजली जोडून वंदन करणे, पंचांग प्रणाम, पवित्र वस्तूंचे चुंबन घेण्याऐवजी त्यांना स्पर्श करून हात कपाळाला लावणे, धर्मगुरूने शाल वापरणे, मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे लावणे व आरती यांचा तीत समावेश होता. बंगलोर येथील राष्ट्रीय केंद्राचे संचालक फादर डी. एस. अमलोरपवदास यांनी या बदलांचा हिरिरीने पुरस्कार केला. तथापि त्यांना सर्वत्र स्वागत लाभले नाही. पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या अनेक कुटुंबांना तीच मुद्रा आपली वाटत होती आणि नव्या मुद्रा हिंदू पूजाविधीतून उसन्या घेतल्यासारख्या भासत होत्या. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी वेगळाच आक्षेप घेतला : भारतीय म्हणून स्वीकारलेली चिन्हे प्रत्यक्षात उच्चवर्णीयांची असून, ज्या मंदिरसंस्कृतीने दलितांना दाराबाहेर ठेवले तिचीच ती आठवण करून देतात. एकेकाळी परकी असलेली मुद्रा श्रद्धेने आपलीशी झाली होती, तर देशी मुद्रा समाजातील विषमतेमुळे काहींना परकी वाटत होती.

सद्यःस्थिती : आज चर्चमधील वेशासंबंधी तपशीलवार असा सार्वत्रिक कायदा नाही. पर्यटकांची वर्दळ असलेल्या चर्चमध्ये स्थानिक नियम असतात. रोम येथील सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे व गुडघे झाकलेले असल्याखेरीज प्रवेश मिळत नाही. चर्चमधील संगीताच्या जलशांविषयी १९८७ मध्ये काढलेल्या पत्रकाने वास्तूच्या पवित्र स्वरूपाशी विसंगत कार्यक्रमांना परवानगी देऊ नये, असे सुचविले. भ्रमणध्वनीमुळे नवा प्रश्न उद्भवला. ८ नोव्हेंबर २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मिस्सेच्या वेळी छायाचित्रे काढणाऱ्या उपासकांबरोबरच धर्मगुरू व बिशपांनाही दोष दिला. स्त्रियांची मस्तक झाकण्याची प्रथा बहुतेक ठिकाणी मागे पडली असली, तरी काही जणी ती स्वेच्छेने पाळतात. भारतात पादत्राणे काढणारे व न काढणारे, गुडघा टेकणारे व हात जोडणारे असे दोन्ही प्रकारचे उपासक आढळतात. कोणती मुद्रा अधिक आदरयुक्त, हे केवळ तिच्या बाह्य रूपावरून ठरविता येत नाही. ती ज्या समाजात केली जाते त्या समाजात तिचा अर्थ काय होतो आणि ती स्वेच्छेने केली जाते की सक्तीने, यावर ते अवलंबून असते.