पन्हळीतली धूळ

साल १७०२. हॉलंडमधलं डेल्फ्ट. कालव्याच्या काठाने चालत तुम्ही एका घराच्या दाराशी येता. चार वर्षांपूर्वी रशियाचा झार पीटर या गावात आला, तेव्हा त्याने या घरच्या मालकाला आपल्या बोटीवर बोलावून घेतलं होतं. तुम्हाला थेट घरात यायला मिळतंय. या.

मालक सत्तरीला टेकलाय. नाव अँटनी व्हान लेवेनहूक. मूळ धंदा कापडाचा, शिवाय नगरभवनातली नोकरी. लॅटिन येत नाही, विद्यापीठाची पायरी चढलेला नाही. तरी लंडनच्या रॉयल सोसायटीने १६८० मध्येच त्याला सभासद करून घेतलंय. तो साध्या डचमध्ये पत्रं पाठवतो, भाषांतराची काळजी तिकडचे लोक करतात. आपली सर्वांत चांगली भिंगं मात्र तो कुणाला दाखवत नाही, तेव्हा हातात येईल त्यावर समाधान माना. पितळेच्या दोन पत्र्यांमध्ये बसवलेलं एकच बारकं भिंग, बस. सगळं यंत्र मुठीत मावतं. ते डोळ्याला जवळजवळ चिकटवून उजेडाकडे तोंड करायचं.

आता त्याच्याकडची ती कोरडी धूळ बघा. घराच्या शिशाच्या पन्हळीत पावसाचं पाणी साचलं, उन्हाने आटलं आणि तळाशी जे उरलं ते हे. गेले काही महिने ते त्याच्या खोलीत पडून आहे. भिंगाखाली वाळूचे कण दिसतात, मधूनमधून लंबगोल कण. या लंबगोल कणांना शाळेत पाठ केलेला तक्ता लावून पाहा: हालचाल, पोषण, श्वसन, वाढ, उत्सर्जन, चेतनाक्षमता, प्रजनन. कण हालत नाही, खात नाही, वाढत नाही, टोचलं तरी दचकत नाही. 'निर्जीव' असं लिहिलंत तर पैकीच्या पैकी गुण मिळतील.

म्हातारा काचेच्या नळीत ती धूळ टाकतो आणि वरून पावसाचं पाणी ओततो. पाणी आधी उकळून गार केलेलं आहे. इथे त्याला मनातल्या मनात नमस्कार करा. किडे पाण्यातूनच आले असं उद्या कुणी म्हणायला नको, एवढी खबरदारी या कापडवाल्याने घेतली आहे.

तासभर कळ काढा. एक लंबगोल कण सैल होतो. मग लांबतो. एक टोक काचेला चिकटवतो, दुसरं पुढे टाकतो, आणि जळू सरकावी तसा सरकत जातो. थोड्या वेळाने त्याच्या डोक्याशी दोन चाकं फिरू लागतात. नीट पाहिलंत तरी चाकंच दिसतील. खरं म्हणजे ते गोलाकार उगवलेले बारीक केस आहेत, एकामागून एक वाकतात म्हणून डोळा फसतो. त्या भोवऱ्यात पाणी ओढलं जातं, पाण्याबरोबर खाणं. हा प्राणी म्हणजे रोटिफर. घटकेपूर्वी तुम्ही त्याला शून्य गुण दिले होते.

मग इतके महिने हा काय होता? लेवेनहूककडे उत्तर तयार आहे: त्याची कातडी इतकी घट्ट आहे की आतला ओलावा उडून जात नाही, उडाला असता तर तो मेलाच असता. उत्तर शहाण्या माणसाचं आहे, पण चुकीचं आहे.

ते पारखायला १८६० सालच्या पॅरिसमध्ये या. मध्ये इटलीत स्पालान्झानी नावाचा संशोधक, हे प्राणी खरोखर मरून पुन्हा उठतात असं म्हणून गेला, पण तिथे थांबायला नको. पॅरिसमध्ये दोन संशोधकांचं भांडण पेटलंय. दोयेर म्हणतो, पूर्ण वाळलेला रोटिफर पुन्हा जगतो. पूशे म्हणतो, अशक्य. गंमत अशी की हाच पूशे जीव आपोआप निर्माण होतो असं मानणारा, पाश्चरचा प्रतिस्पर्धी. निर्जीवातून जीव आलेला त्याला चालतो, वाळक्या प्राण्यातून तोच प्राणी परत आलेला चालत नाही! निवाड्यासाठी समिती नेमलेली आहे, अहवाल पॉल ब्रोकाचा. रोटिफर ८२ दिवस कोरड्या निर्वातात ठेवले, नंतर १०० अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवले. तुमच्यासमोर पाण्याचा थेंब पडतो आणि त्यातले काही उठून चालू लागतात. ओला रोटिफर याहून कितीतरी कमी उष्णतेत मरतो. आत पाणी अडवून धरल्यामुळे तो टिकत होता, हा तर्क इथे संपतो. तो टिकला तो वाळला म्हणूनच.

केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी १९५९ मध्ये या अवस्थेला क्रिप्टोबायोसिस हे नाव दिलं, तेही रॉयल सोसायटीच्या लेवेनहूक व्याख्यानाच्या छापील रूपात. आणि २०२१ मध्ये रशियन संशोधकांनी सैबेरियात, अलाझेया नदीजवळच्या सुमारे २४,००० वर्षं गोठलेल्या मातीतून एक रोटिफर जागा केला. या जातीत नर नसतात. ती जागी झाली आणि तिला पोरीही झाल्या.

मला यातून दिसतं ते असं. त्या पन्हळीतल्या धुळीत तीन प्रकारचे कण होते: वाळू, मेलेला रोटिफर आणि वाळलेला रोटिफर. कोरडे असेपर्यंत तिघांची वागणूक सारखी. वाळूत जीवाची मांडणी मुळातच नाही, मेलेल्यात ती मोडलेली आहे, वाळलेल्यात शाबूत आहे. पाणी पडलं की वाळू भिजते, मेलेलाही नुसता भिजतो, तिसरा चालू लागतो. तेव्हा कण आत्ता काय करतोय, हा प्रश्न अपुरा ठरतो. त्याच्या आत काय जपलेलं आहे हे विचारावं लागतं. शाळेतला तक्ता खोटा नाही, तो ओल्या प्राण्यांसाठी लिहिलेला आहे.

यासाठी डेल्फ्टलाच जायला हवं असंही नाही. हे प्राणी आपल्याकडे कौलांवर, कुंपणाच्या भिंतींवर, पावसाळ्यात हिरव्या होणाऱ्या शेवाळात राहतात. शिक्षक असाल तर येत्या मे महिन्यात त्या वाळक्या शेवाळाचा एक तुकडा काढून ठेवा. शाळा उघडली की तो उकळून गार केलेल्या पाण्यात काही तास भिजवा, पिळा आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना दाखवा. सजीव-निर्जीवांचा तक्ता फळ्यावर लिहायचा तो त्यानंतर.