मातृआरोग्य अभ्यास, मेलबर्न

पहिलटकरणींच्या प्रकृतीचा गरोदरपणापासून मध्यमवयापर्यंत मागोवा घेणारा ऑस्ट्रेलियातील संशोधनप्रकल्प. आधीचे नाव ‘मॅटर्नल हेल्थ स्टडी’, नंतरचे ‘मदर्स अँड यंग पीपल्स स्टडी’. मर्डॉक चिल्ड्रन्स रिसर्च इन्स्टिट्यूटच्या स्टेफनी ब्राउन यांच्या नेतृत्वाखाली तो उभा राहिला. २००३ ते २००५ या काळात मेलबर्नच्या सहा सार्वजनिक रुग्णालयांतून १,५०७ स्त्रिया त्यात सामील झाल्या.

प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी तपासणी झाली, की वैद्यकाच्या लेखी बाई मोकळी होते. आपल्याकडचा सव्वा महिनाही जवळपास तेवढाच. या अभ्यासाने ती मुदत मानली नाही. गरोदरपणात दोनदा, पहिल्या दीड वर्षात पाच वेळा आणि पुढे मूल चार व दहा वर्षांचे झाल्यावर त्याच स्त्रियांना पुन्हा विचारले गेले. प्रश्नही दवाखान्यात सहसा न निघणारे होते : लघवीवरचा ताबा, शरीरसंबंधाच्या वेळच्या वेदना, मनाची उदासी, जोडीदाराची मारहाण आणि धाकदपटशा. पहिलटकरणीच निवडल्यामुळे कोणता त्रास बाळंतपणाआधीचा आणि कोणता नंतरचा, हे वेगळे करता आले. निम्म्याहून अधिक जणींना लघवी गळण्याचा त्रास गरोदरपणातच जाणवला होता.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष नैराश्याविषयीचा आहे. त्याची लक्षणे चौथ्या वर्षी सुमारे १४.५ टक्के मातांमध्ये आढळली. पहिल्या वर्षातील कोणत्याही टप्प्यापेक्षा हे प्रमाण जास्त होते. एकच मूल असलेल्यांमध्ये ते दुसरे मूल झालेल्यांच्या दुप्पट भरले. म्हणजे केवळ बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत चाळणी चाचणी घेऊन थांबणारी आरोग्यसेवा अनेक आजारी मातांपर्यंत पोहोचतच नाही. जोडीदाराकडून होणारा शारीरिक वा मानसिक छळ पहिल्या वर्षात सहांपैकी एकीने सांगितला; दहा वर्षांत तीनपैकी एकीच्या वाट्याला तो आलेला होता. छळ सोसलेल्या स्त्रियांत नैराश्य व चिंताविकार ठळकपणे अधिक दिसले. हे आजार फक्त संप्रेरकांच्या चढउतारावर ढकलणे त्यामुळे अन्यायाचे ठरते.

अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने तो संबंध दाखवतो, कार्यकारणभाव सिद्ध करत नाही. तरुण व एकट्या मातांचा सहभाग त्यात कमी राहिला. प्रश्नावली इंग्रजीत होती. ती भाषा पुरेशी न येणाऱ्या स्थलांतरित स्त्रिया बाहेरच राहिल्या, आणि मेलबर्नसारख्या बहुभाषिक शहरात ही उणीव मोठी आहे.