फेर्मा यांची पाचवी संख्या

२ च्या ३२ व्या घातात १ मिळविल्यास येणारी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या. २ चा घातांक स्वतःच २ चा घात (१, २, ४, ८, १६, ३२, ...) असेल, तर त्या घातात १ मिळवून येणाऱ्या संख्यांना फ्रेंच गणितज्ञ प्येअर द फेर्मा यांचे नाव दिले जाते. क्रमांक शून्यापासून मोजण्याची रीत असल्यामुळे ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ यांनंतरची ही संख्या पाचवी ठरते.

आधीच्या पाचही संख्या अविभाज्य आहेत. त्यावरून या प्रकारची प्रत्येक संख्या अविभाज्य असावी, असे मत फेर्मा यांनी १६४० मध्ये पत्रांतून मांडले. मात्र त्याची सिद्धता त्यांच्यापाशी नव्हती. पाचवी संख्या नुसत्या भागाकाराने तपासावयाची, तर साडेसहा हजारांहून अधिक अविभाज्य संख्यांनी भागून पाहावे लागते.

१७२९ मध्ये क्रिस्टिआन गोल्डबाख यांनी पत्राने या विधानाकडे लेओनार्ड ऑयलर यांचे लक्ष वेधले. प्रारंभी ऑयलर यांना त्यात फारसे स्वारस्य वाटले नाही. परंतु १७३२ मध्ये त्यांनी या संख्येस ६४१ ने पूर्ण भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो, असे दाखवून दिले. या संख्येच्या कोणत्याही अविभाज्य गुणकास ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, हे तत्त्व त्यांनी पुढे सिद्ध केले. अशा अविभाज्य संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा क्रमाने येतात. म्हणजे पाचव्याच भागाकारात उत्तर हाती येते. एद्वार ल्यूका यांनी १८७८ मध्ये ६४ च्या जागी १२८ घेता येतात असे दाखविल्यावर २५७ व ६४१ एवढ्या दोनच संख्या तपासावयाच्या उरल्या. फेर्मा यांनी १६४० मध्येच २ च्या ३७ व्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्येचा २२३ हा गुणक अशाच विचाराने शोधला होता. तोच विचार त्यांनी येथे का लावला नाही, याचे आश्चर्य वाटते.

६४१ ही संख्या ५ × १२८ + १ अशी, तसेच ६२५ + १६ अशीही मांडता येते. ६२५ व २ चा २८ वा घात यांच्या गुणाकारातून १ वजा केल्यास येणारी संख्या पहिल्या मांडणीमुळे ६४१ ने विभाज्य ठरते. त्याच गुणाकारात २ चा ३२ वा घात मिळविल्यास येणारी संख्या दुसरीमुळे. या दोहोंतील फरक म्हणजेच प्रस्तुत संख्या.

या निर्णयाचा भूमितीशीही संबंध पोहोचतो. बाजूंची संख्या विषम असलेला सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपास यांनी काढता येण्यास ती संख्या फेर्मा प्रकारची अविभाज्य संख्या, किंवा अशा निरनिराळ्या संख्यांचा गुणाकार, असावी लागते (कार्ल फ्रीड्रिख गौस, १८०१, आवश्यकतेची सिद्धता प्येअर व्हांत्सेल, १८३७). त्यामुळे ४,२९,४९,६७,२९७ बाजूंचा सुसम बहुभुज या साधनांनी काढता येत नाही. पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सर्व फेर्मा संख्या संयुक्त असल्याचे आता ज्ञात असून, ६५,५३७ नंतरची एकही अविभाज्य फेर्मा संख्या आढळलेली नाही. ज्ञात असलेल्या पाच अविभाज्य संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे प्रस्तुत संख्येपेक्षा नेमका २ ने कमी येतो. तितक्या बाजूंचा बहुभुज मात्र तत्त्वतः काढता येतो.